घाटात डिझेल गाडी का तापते: इंजिनावरचा भार आणि रेडिएटरमधून जाणारी हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा वर्षे जुनी, अडीच लिटर टर्बो डिझेल इंजिनाची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी तुम्ही जांबोटीजवळच्या शेतीसाठी वापरता. बेळगाव शहरात आणि महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने चालताना तापमानाचा काटा मध्यावर असतो. गोव्याहून सामान भरून परतताना मात्र केरी सोडून चोर्ला घाट सुरू झाला, की काही वळणांतच तो वर सरकू लागतो, एसी चालू असेल तर आणखी लवकर सरकतो, आणि माथ्यावर सपाटी लागल्यावर पाच मिनिटांत पुन्हा जागेवर येतो. रेडिएटरचे झाकण आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदलूनही फरक पडलेला नाही. आता एक जण थर्मोस्टॅट काढूनच टाका म्हणतो, दुसरा मोठा रेडिएटर बसवा म्हणतो, आणि यांपैकी कोणाचे ऐकावे हे तुम्हाला समजत नाही.

बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला गेली सव्वीस वर्षे मी डिझेल गाड्यांचे काम करतो आहे. पावसाळा संपून गोव्याच्या फेऱ्या वाढल्या, की ही तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात. माझ्या मते ‘कोणता भाग बिघडला आहे’ या प्रश्नाकडे नंतर वळावे. आधी विचारायला हवे, की इंजिनात तयार होणारी उष्णता आणि रेडिएटरमधून बाहेर पडणारी उष्णता यांचा मेळ नेमका कोणत्या परिस्थितीत बसत नाही. हे कळण्याआधी एकेक भाग बदलत गेल्यास योग्य भाग कधीतरी हाती लागतोच, पण तोवर गाडीच्या किमतीचा बराचसा हिस्सा बिलांत गेलेला असतो. एक गोष्ट आधीच मान्य करतो: तुमच्या गाडीचा पंखा इंजिनावर पट्ट्याने फिरणारा आहे की विजेवरचा, पुढे नंतर काय काय बसवले आहे, आणि फेरीत वजन किती असते, यांवर उत्तराचा बराच भाग अवलंबून आहे. म्हणून कारणमीमांसा सविस्तर लिहितो, म्हणजे ती तुमच्या गाडीला तुम्हीच लावून पाहू शकाल.

प्रथम उष्णता येते कुठून, ते पाहू. एक लिटर डिझेल जळले, की साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. त्यातला एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग चाकांकडे जातो, जवळपास तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर पडतो, आणि ढोबळमानाने पंचवीस ते तीस टक्के भाग कुलंटच्या (इंजिनात फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याच्या), म्हणजे रेडिएटरच्या वाट्याला येतो. त्यामुळे कुलंटला किती उष्णता मिळणार, हे गाडीच्या वेगापेक्षा ताशी किती डिझेल जळते यावरून ठरते. माणसे आणि सामान धरून अडीच टन वजनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने नेण्यास, हवेचा आणि टायरांचा विरोध मिळून, सोळा-सतरा किलोवॅट शक्ती पुरते. तीच गाडी शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने न्यायची झाली, तर २७ किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते, आणि तोच चढ ताशी ६० ने चढायचा झाला तर ४२. म्हणजे वेग निम्मा करूनही घाटात इंजिनाला महामार्गापेक्षा दीडपटीहून अधिक काम पडते, आणि पाय दाबून चढल्यास अडीचपट. या शेवटच्या स्थितीत ताशी सुमारे १२ लिटर डिझेल जळत असते आणि कुलंटला ३० किलोवॅट उष्णता मिळत असते. घरात पाणी तापवायचे दोन किलोवॅटचे पंधरा गीझर एकाच वेळी चालू केले, तर जेवढी उष्णता निघेल तेवढी ही होते.

शहरात काटा का हलत नाही, याचे उत्तरही येथेच आहे. पेट्रोल गाडी रहदारीत तापते, हा अनुभव बहुतेकांना असतो आणि तोच आपण डिझेल गाडीला लावतो. डिझेल इंजिनात शक्ती कमी-जास्त होते ती हवा अडवून नव्हे, तर फवारल्या जाणाऱ्या डिझेलच्या प्रमाणावरून. न्यूट्रलमध्ये उभे असलेले इंजिन भरपूर हवेत अगदी थोडे इंधन जाळते, ताशी जेमतेम एक लिटरपर्यंत. खडेबाजारात अर्धा तास अडकलात, तरी अशा इंजिनाला तापायला पुरेशी उष्णताच मिळत नाही. म्हणून ‘शहरात तापत नाही, म्हणजे पंखा चांगला आहे’ हा निष्कर्ष डिझेल गाडीच्या बाबतीत खोटा ठरू शकतो. तुमच्या प्रश्नात तो निष्कर्ष गृहीत धरलेला दिसतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता उष्णता बाहेर कशी जाते, ते पाहू. रेडिएटरला ‘पाण्याने इंजिन थंड करणारा भाग’ म्हणण्याची पद्धत आहे, पण शेवटी इंजिन थंड होते ते हवेनेच. कुलंटचे काम उष्णता इंजिनापासून रेडिएटरच्या जाळीपर्यंत वाहून आणण्यापुरते आहे. ३० किलोवॅट उष्णता घेऊन जायची आणि जाळीतून जाताना हवा ३५ अंशांनी तापू द्यायची म्हटले, तर दर सेकंदाला सुमारे ८०० लिटर हवा जाळीतून जायला हवी. ही हवा दोन प्रकारे येते: गाडीच्या वेगामुळे समोरून दाबली जाणारी, आणि पंख्याने ओढून घेतलेली. पहिल्या प्रकारची अडचण अशी, की समोरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी ८० किलोमीटरला जो दाब असतो, त्याचा ४० ला चौथाच भाग उरतो आणि वळणावर २० पर्यंत आलात तर सोळावा भाग. काम दीडपटीने वाढले आणि हवेचा दाब पावपट झाला, या दोन आकड्यांतच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. उरलेली सगळी जबाबदारी पंख्यावर पडते.

त्यात चोर्ल्याची आपली एक खास अडचण आहे, जी पुस्तकात सहसा लिहिलेली नसते. एप्रिल-मेच्या दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि घाटाच्या तोंडातून वर चढतो. तुम्हीही त्याच वेळी पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत असता, म्हणजे वारा तुमच्या पाठीशी असतो. गाडी ताशी २५ ने चढते आहे आणि मागून वारा २० ने येतो आहे, तर रेडिएटरच्या दृष्टीने गाडी ताशी ५ नेच चालली आहे. अनमोडच्या चढालाही हीच गोष्ट कमी-अधिक लागू पडते. ‘सकाळी आलो तेव्हा तापली नाही, दुपारी आलो तेव्हा तापली’ असे सांगणाऱ्यांचे मला आता नवल वाटत नाही. सकाळी वारा पडलेला असतो, शिवाय हवाही थंड असते. कुलंट ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा ३८ वर असेल तर उष्णता ढकलण्यासाठी ५७ अंशांचा फरक मिळतो. पावसाळ्यात हवा २२ अंशांवर आली की तोच ७३ होतो, म्हणजे तोच रेडिएटर पाव हिश्श्याने अधिक काम करतो. पावसाळ्यातल्या फेरीवरून ‘आता गाडी ठीक झाली’ असे ठरवू नका, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ.

काटा इतक्या झटपट का चढतो, असेही तुम्ही विचारले आहे. गाडीत कुलंट असते दहा लिटरच्या आतबाहेर. ३० किलोवॅट उष्णता येत राहिली आणि बाहेर काहीच गेली नाही, तर एवढे पाणी दीड सेकंदाला एक अंश तापेल. इंजिनाचे लोखंडही उष्णता पिते, म्हणून प्रत्यक्षात एका अंशाला चार-पाच सेकंद लागतील. म्हणजे हवा पूर्ण थांबली तर मिनिटभरात बारा-पंधरा अंश. व्यवहारात हवा पूर्ण कधी थांबत नाही, पण साठवणूक किती तुटपुंजी आहे हे यावरून कळते. त्यातून बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कुलंट ८० अंशांवर असो वा १०० वर, तो मध्यावरच दिसतो. तो हलला असे तुम्हाला दिसते, तेव्हा तापमान बरेच आधीपासून चढत असते.

एवढ्यावरून तुमच्या गाडीची लक्षणे वाचू. महामार्गावर ८० ला काटा स्थिर आहे, म्हणजे वेगाची हवा मिळाली की मध्यम भार रेडिएटर पेलतो. सपाटीवर येताच पाच मिनिटांत तापमान उतरते, म्हणजे कुलंट फिरते आहे. एसी लावल्यावर लवकर तापते, म्हणजे पुढच्या कंडेन्सरमधून (रेडिएटरसमोर बसवलेल्या एसीच्या जाळीतून) आधीच गरम होऊन येणारी हवा रेडिएटरला सोसत नाही, हातात शिल्लक काही नाही. ही तिन्ही लक्षणे कमी वेगात मिळणाऱ्या हवेकडे बोट दाखवतात. याउलट महामार्गावर १०० च्या पुढे गेल्यावर काटा चढत असता, तर मी रेडिएटरच्या नळ्या आतून भरल्याचा संशय आधी घेतला असता. आणि सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होत असता किंवा कुलंटच्या टाकीत बुडबुडे येत असते, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि सिलिंडर हेड यांच्यामधले सील, गेल्याचा. तुमच्या वर्णनात यांपैकी काही नाही, तरी एकदा पाहून खात्री करून घ्या.

तर पंख्यापासून सुरुवात करा. इंजिनावर फिरणारा पंखा असेल, तर त्याच्या मध्यभागी सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली, की पुढची द्विधातूची पट्टी आतली वाट उघडते, तेल पुढे येते आणि पंखा इंजिनाबरोबर जोराने फिरू लागतो. वर्षानुवर्षांच्या वापराने हे तेल झिरपते किंवा निकामी होते, आणि मग पंखा फिरताना दिसतो पण त्यात जोर नसतो. न्यूट्रलमध्ये बॉनेट उघडून पाहणाऱ्याला तो चांगलाच वाटतो, आणि नेमकी हीच फसगत आहे. इंजिन पुरते गरम असताना बंद करा, चावी काढून घ्या, आणि पंखा हाताने फिरवून सोडा. त्याने जड वाटून लगेच थांबायला हवे. तो तीन-चार फेरे मोकळेपणाने फिरत राहिला किंवा क्लचच्या तोंडाशी तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर क्लच गेला आहे. आणखी एक खूण कानाची आहे: घाटात गाडी तापू लागली, की चांगला क्लच जोडला जातो आणि ट्रकसारखी घरघर ऐकू येते. चढावर काच खाली करून ऐका. काटा वर आणि ती घरघर नाही, असे असेल तर मला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटत नाही.

पंखा विजेवरचा असेल तर एसी लावून कंडेन्सरसमोर वर्तमानपत्राचे पान धरा. ते जाळीला चिकटून राहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचे पान चिकटण्याऐवजी उडून माझ्या तोंडावर आले. वायरिंगच्या कामात कोणीतरी पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या आणि पंखा गरम हवा पुढे ढकलत होता. गाडी वेगात असताना समोरची हवा आणि पंखा यांची एकमेकांशी झुंज चाले. मालकाने तोवर रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही नवे बसवले होते. विजेच्या पंख्याला बहुधा दोन वेग असतात. त्यांपैकी दुसरा, मोठा वेग रिलेच्या, म्हणजे त्याला वीज जोडणाऱ्या स्विचच्या, बिघाडाने बंद असला तरी पहिला चालू दिसतो, म्हणून दोन्ही तपासायला सांगा.

पंख्याइतकाच महत्त्वाचा आणि त्याहून अधिक दुर्लक्षित भाग म्हणजे पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे, श्राउड. ते नसेल तर पंखा आपल्याच पात्यांच्या टोकांवरून तीच गरम हवा पुन्हा पुढे फिरवत बसतो आणि जाळीच्या फक्त मधल्या वर्तुळातून हवा ओढतो, चारही कोपरे कोरडे राहतात. गाडी पुढून ठोकली गेली आणि दुरुस्त झाली, की हे कडे तुटके म्हणून काढून टाकण्याची वाईट खोड आपल्या गॅरेजवाल्यांना आहे. यात मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या कामालाही वगळत नाही. तुमची गाडी दहा वर्षांची आहे आणि तुम्ही ती सेकंड हँड घेतली आहे, म्हणून खाली वाकून पाहा: कडे पूर्ण आहे का, त्याचा खालचा अर्धा भाग जागेवर आहे का, आणि रेडिएटर व कडे यांच्यामधली रबराची पट्टी शाबूत आहे का. हवा नेहमी सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या बाजूने दोन बोटांची फट मिळाली, तर ती जाळीतून कशाला जाईल?

यानंतर अडथळे. एसी कंडेन्सर, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आणि रेडिएटर हे एकापुढे एक उभे असतात, आणि खरा कचरा बसतो तो त्यांच्या मधल्या फटीत, जिथे पुढून पाहणाऱ्याची नजर पोहोचत नाही. आपल्या भागात हा कचरा दोन प्रकारचा असतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात तांबड्या मातीचा चिखल पावसाळ्यात उडून बसतो आणि उन्हाळ्यात विटेसारखा घट्ट होतो. संकेश्वर, चिकोडी, निपाणीकडच्या गाड्यांत गळीत हंगामात उसाच्या पाचटाचे तुकडे आणि धूळ अडकते, कारण दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे मैलोन्‌मैल चालण्याला त्या काळात पर्याय नसतो. एका गाडीच्या कंडेन्सरमागून मी पाचटाचा एकसंध थर काढला होता, अक्षरशः गादीसारखा. बाहेरून मात्र जाळी लख्ख दिसत होती, कारण मालक ती दर आठवड्याला पुढून धूत असे आणि प्रत्येक धुण्याबरोबर कचरा आणखी आत जात असे. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने पुढे मारावे, दाब बेताचा ठेवावा. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा जवळून मारला, तर जाळीचे पातळ पंख आडवे होतात आणि मग माती नसूनही हवा जात नाही. तुमच्या गाडीत मी कंडेन्सरचे पुढचे बोल्ट सैल करून, गॅसचे पाइप न सोडता, तो चार बोटे पुढे ओढला असता आणि बॅटरीच्या उजेडात मधे पाहिले असते.

पुढच्या बाजूला नंतर लावलेल्या वस्तूही मोजा: ग्रिलसमोरचे दोन मोठे दिवे, डास-किड्यांसाठी बसवलेली बारीक जाळी, लोखंडी गार्ड. लोखंडी गार्डबद्दल वेगळे सांगायचे, तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन करतात असे राज्यांना कळवले होते, त्यामुळे ते काढण्याचे ते आणखी एक कारण आहे. तसेच बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून गरम हवेला वाट करून देण्याची टूम सध्या पोरांमध्ये निघाली आहे, तिच्या नादी लागू नये. पुढच्या काचेच्या बुडाशी वेगात हवेचा दाब वाढलेला असतो. त्या फटीतून हवा बाहेर येण्याऐवजी बऱ्याचदा आत शिरते, आणि रेडिएटरच्या मागे दाब वाढला म्हणजे त्यातून जाणारी हवा घटते.

इथवर हवेची बाजू झाली. भाराच्या बाजूने पाहता सर्वांत मोठा भाग तुमच्या उजव्या पायाचा आणि गियरच्या दांड्याचा आहे. डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांत ओढण्याची ताकद असते, म्हणून चौथ्या गियरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला चौदाशे फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबून चढत राहण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र दिसते. इंजिन कुरकुरत नाही, म्हणजे त्रास होत नाही असे आपण समजतो. पण त्या वेळी वॉटर पंप आणि इंजिनावरचा पंखा दोन्ही चौदाशेच्याच हिशेबाने फिरत असतात, टर्बो पुरेशी हवा देत नाही, इंधन मात्र भरपूर पडते आणि धुराचे तापमान वाढते. तिसऱ्यात येऊन दोन हजारांच्या आसपास फेऱ्या ठेवल्या, तर त्याच वेगाला चाकांवरचे काम तेवढेच राहते, पण कुलंट आणि हवा दोन्ही जवळपास दीडपट वेगाने फिरू लागतात. जोडीला वेग थोडा उतरवा. घाटाची उंची ढोबळमानाने ७०० मीटर धरली, तर अडीच टन गाडी तेवढी वर उचलायला सुमारे १.४ लिटर डिझेल लागणारच, तुम्ही सावकाश चढा की घाईने. त्या डिझेलची उष्णता बारा मिनिटांत बाहेर टाकायची की वीस मिनिटांत, एवढाच पर्याय तुमच्या हाती आहे, आणि काठावर असलेल्या गाडीसाठी तो फरक पुरेसा ठरतो.

चालकाशी संबंध नसलेला भारही असतो. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर बसवले, तर प्रत्येक गियर उंच झाल्यासारखा होतो आणि इंजिन नकळत कमी फेऱ्यांत ओढत राहते. ब्रेकचा कॅलिपर अडकून एखादे चाक हलके धरलेले असेल, तर घाटानंतर ते चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागते. एअर फिल्टर चोंदलेला असेल किंवा टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज फाटला असेल, तर काळा धूर निघतो, जोर कमी पडतो, आणि तो भरून काढायला तुम्ही आणखी पाय दाबता. ज्या इंजिनांत ईजीआर कूलर (धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारा भाग) आहे, तेथे धुराची उष्णता थेट कुलंटमध्येच उतरते. तो आतून गळू लागला, तर जमिनीवर थेंबही न दिसता टाकीतली पातळी कमी होत जाते.

आता तुम्हाला मिळालेल्या दोन सल्ल्यांविषयी. थर्मोस्टॅट, ज्याला आपले मेस्त्री नुसता ‘वॉल’ म्हणतात, तो काढू नका. तो साधारण ८२ अंशांना उघडू लागतो आणि काटा वर चढतो तेव्हा कधीचाच पूर्ण उघडलेला असतो. त्यामुळे चांगला थर्मोस्टॅट काढून घाटात काही मिळत नाही. उलट अनेक डिझेल इंजिनांत तो उघडतानाच रेडिएटरला वगळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला, की ती आडवाट कायम उघडी राहते, बरेचसे कुलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. शिवाय सपाट रस्त्यावर आणि थंडीत इंजिन नेहमी कोमट राहते, डिझेल नीट जळत नाही, आणि सिलिंडरची झीज वाढते.

मोठ्या रेडिएटरला माझा विरोध नाही, पण त्याची पाळी शेवटी यावी. जाळीची जाडी वाढवली तर तिच्यातून हवा ओढणेही कठीण होते. ज्या गाडीचा पंखा दुबळा आहे तिच्यात जाड रेडिएटर बसवून कमी वेगातला त्रास वाढल्याचे मी पाहिले आहे. सध्याचाच रेडिएटर आतून कसा आहे, हे त्यात आजवर कोणते पाणी पडले यावरून ठरेल. आपल्याकडे, विशेषतः अथणी-चिकोडीच्या बाजूला, बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतण्याची सवय आहे. त्याचा पांढरा थर नळ्यांत बसतो आणि तो उष्णता अडवतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात विकतचे कुलंट, इतकेच घाला. अधिक कुलंट घातले तर अधिक थंड, ही समजूत उलटी आहे, कारण त्यातले ग्लायकॉल हे रसायन पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. आपल्या हवेत पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही. कुलंट हवे ते गंज आणि सिलिंडरच्या बाहेरच्या बाजूला पडणारे बारीक खड्डे टाळण्यासाठी, आणि उकळण्याची मर्यादा थोडी वर नेण्यासाठी. झाकणाचे कामही याच प्रकारचे आहे. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने उघडे पाणी येथे ९७-९८ अंशांनाच उकळते. झाकणाने धरलेल्या एक बारच्या दाबामुळे ती मर्यादा १२० च्या जवळ जाते. तुम्ही झाकण बदललेत ते योग्यच केलेत. मात्र झाकण तापमान कमी करत नाही, तापलेले कुलंट उकळू देत नाही.

यापुढे काट्यावर विसंबू नका. गाडीच्या ओबीडी सॉकेटला (बिघाड तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीला) लागणारे छोटे ब्लूटूथ यंत्र आणि फोनवरचे साधे ॲप यांवर कुलंटचे खरे तापमान अंशांत दिसते; शेजारी बसलेल्या माणसाला ते वाचायला सांगा. चोर्ल्याला जाण्यापूर्वी बेळगावच्या उत्तरेकडच्या वंटमुरी घाटाच्या चढावर, रुंद महामार्गावर, तेच वजन भरून दोनदा चाचणी घ्या: एकदा चौथ्या गियरमध्ये कमी फेऱ्यांवर, एकदा तिसऱ्यात जास्त फेऱ्यांवर, वेग दोन्ही वेळा सारखा आणि एसी बंद. तिसऱ्यात तापमान पाच-सहा अंशांनी कमी राहिले, तर कुलंट आणि हवा फिरवण्याची बाजू कमजोर आहे असे समजा. दोन्हींत सारखेच चढत राहिले, तर जाळी आतून वा बाहेरून भरलेली असण्याची शक्यता वाढते. ही चाचणी रामबाण नाही. पंखा विजेवरचा असेल तर फेऱ्या वाढवून फक्त पंपच वेगाने फिरतो, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढा.

दुरुस्ती होईपर्यंत घाटात तापू लागलीच, तर एसी बंद करा, गियर खाली घ्या, वेग कमी करा आणि हीटर पूर्ण जोरात सोडा. तो छोटा दुसरा रेडिएटरच आहे, घाम येईल पण चार-पाच अंशांचा फरक पडतो. तरीही चढत राहिले तर वळण सोडून रुंद जागी थांबा, बॉनेट उघडा, आणि कुलंट गळत नसेल तर इंजिन बाराशे ते पंधराशे फेऱ्यांवर चालू ठेवा. तापलेले इंजिन लगेच बंद केले, तर फिरणारे कुलंट थांबते आणि सिलिंडर हेडमधली उष्णता तेथेच साचते. टर्बोलाही ते मानवत नाही. वाफ बाहेर येत असेल किंवा टाकी रिकामी दिसत असेल तर मात्र तत्काळ बंद करा, आणि झाकणाला अर्धा तास तरी हात लावू नका.

वरच्या क्रमाने पाहायचे झाल्यास पंख्याचा क्लच, कडे आणि कंडेन्सरमागचा कचरा या तीन गोष्टी एका सकाळच्या कामात तपासून होतात आणि त्यांत एकही नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. तोवर कोणाच्या सांगण्यावरून तुम्ही थर्मोस्टॅट काढून ठेवला असेल, तर चाचणीआधी तो परत बसवून घ्या, नाहीतर वंटमुरीला घेतलेल्या आकड्यांवरून काहीच ठरवता येणार नाही.